रूट कॅनल, पुढची भेट गुरुवारी

मी आयुष्यात कुणाचा दात काढलेला नाही. तरीही वारजे ते धायरी या पट्ट्यात अशी पुष्कळ घरं आहेत, जिथे मला दातांची बाई म्हणून ओळखतात. त्यांतलं कुणी भाजी घेताना मला अडवतं, दाढ ठणकते म्हणून भर रस्त्यात तोंड उघडून दाखवतं. मी निमूट वाकून बघते आणि लवंग धरायला सांगते. माझं खरं काम उघडपणे सांगायची सोय तेव्हा नव्हती. आता आहे म्हणतात, पण मला फारसा फरक दिसत नाही.

काम म्हणजे समुपदेशन. कुणाला मोठा आजार झालेला असतो, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं, कुणाचा कारखाना बंद पडलेला असतो. अशा माणसांशी बोलायचं, खरं म्हणजे त्यांना बोलू द्यायचं. पुण्यात हे दुसरं जास्त अवघड, कारण इथला माणूस एकदा बोलायला लागला की स्वतःला सोडून सगळ्या विषयांवर बोलतो. नवऱ्याला जाऊन महिना झालेली बाई माझ्यासमोर पाऊण तास महापालिकेच्या पाणीपुरवठ्यावर बोलायची, आणि उठताना दारात म्हणायची, ‘बाकी ठीक. जेवण जात नाही एवढंच.’

नव्वदीच्या दशकात शिक्षण संपवून मी एका मोठ्या इस्पितळात लागले, तेव्हा तिथे माझ्यासाठी खोली नव्हती. ईसीजीच्या खोलीत पडद्याच्या अलीकडे एक टेबल मिळालं, तेही अर्धं. पडद्यापलीकडे कुणाच्या तरी छातीला वायरी लावलेल्या असायच्या आणि अलीकडे मी कुणाला तरी सांगत असायचे की रडावंसं वाटलं तर रडा. मग पडद्याआडून तंत्रज्ञाचा आवाज यायचा, ‘मॅडम, जरा हळू रडायला सांगा. इथे पेशंट दचकतोय.’

त्यातून माझं आडनाव. वडील स्वारगेटच्या डेपोत वाहक होते, आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. आमच्या घरात रडण्याबद्दल कुणी लाज बाळगत नसे, त्यामुळे हे काम मला सोपं जाईल असं वाटलं होतं. पण माझ्याकडे येणारा माणूस स्वतःच्या दुखण्याकडे वळण्याआधी माझं निदान करून घ्यायचा. ‘आपण मूळच्या कुठल्या?’ ‘स्वारगेटच्या.’ ‘तसं नव्हे, मूळच्या.’ ‘डेपोच्या मागच्या वसाहतीतल्या.’ मग एक लहानसा ‘अस्सं’ यायचा. त्या ‘अस्सं’मध्ये काय काय मावतं ते पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काही जण पुढच्या वेळी येत नसत. ज्यांचं दुखणं फारच मोठं असे ते येत. तेवढा चांगुलपणा आजारपणाच्या खाती मी नेहमी जमा धरते.

पुढे हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मनाला एकदम प्रतिष्ठा आली. एका कंपनीने मला ‘बदलाला सामोरं जाताना’ या विषयावर बोलायला बोलावलं. अमेरिकेत मंदी होती, इथे माणसं कमी करत होते, आणि उरलेल्यांचं मन कामात लागत नव्हतं. सभागृहाच्या दाराशी एक चुणचुणीत मुलगी हातात यादी घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘मॅम, ग्रीफवाला पार्ट ट्वेंटी मिनिट्समध्ये कव्हर होईल ना? कारण देन वी हॅव केक.’ मी वीस मिनिटांत दुःख आटोपलं. केक चांगला होता, हे कबूल करायला हवं.

पण मला सांगायचं आहे ते दातांचं.

इस्पितळाबाहेर भेटायची लोकांना गरज होती आणि समुपदेशकाची पाटी लावलेल्या दारातून आत शिरायची कुणाची तयारी नव्हती. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाताना जावेने पाहिलं तर पुढच्या तीन पिढ्यांची लग्नं अडतील, अशी भीती. सिंहगड रस्त्यावर, धायरीकडे वळायच्या जरा अलीकडे, माझ्या ओळखीचे एक दंतवैद्य होते. त्यांच्या दवाखान्याची मागची खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे तिथे शेल्फभर प्लास्टरचे जबडे होते. गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी ती त्यांनी मला दिली. पुण्यातल्या कित्येक माणसांनी आपलं सगळ्यात खाजगी दुःख पहिल्यांदा उघड केलं ते त्या आ वासलेल्या जबड्यांसमोर.

कार्डाची कल्पना दंतवैद्यांचीच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या दवाखान्याचं छापील कार्ड देत. त्यावर पेनाने लिहिलेलं असे: रूट कॅनल, पुढची भेट गुरुवारी. किंवा शनिवारी. घरात कुणी विचारलं तर दाखवायला. मी विचारलं, रूट कॅनलच का? ते म्हणाले, ‘दात काढणं एका दिवसात संपतं, भरणं दोन दिवसांत. तुमच्या लोकांना पुरेल इतकं लांब आमच्याकडे दुसरं काही नाही.’ माझी मंडळी मग बाहेरच्या बाकावर, खऱ्या रुग्णांच्या शेजारी, गालाला रुमाल धरून बसू लागली. इतकी चांगली बसायची की एकदोनदा दंतवैद्यांनी चुकीच्या माणसाला खुर्चीत घेतलं होतं.

याचा त्यांना त्रास झाला. माझ्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांचे डोळे लाल असत, आणि रस्त्यावरचे लोक म्हणू लागले की या डॉक्टरचा हात फार जड आहे. दंतवैद्य वैतागले. ‘मॅडम, तुमच्या लोकांना सांगा, रडून झाल्यावर पाच मिनिटं बसा आणि मग जा.’ तेव्हापासून मी प्रत्येकाला ते सांगू लागले. लोकांना वाटायचं ही काही उपचारपद्धती आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुली तर वहीत लिहून घ्यायच्या.

जागेची मालकीण धायरीची एक म्हातारी होती. तिच्या शेतात आता चार इमारती उभ्या होत्या आणि तिला दुपारभर काही काम नव्हतं. दारात बसून तिने माझ्या धंद्याचा अंदाज सगळ्यांच्या आधी घेतला. ‘बाई, तुमी दात बित काय बघत न्हाई. लोक रडत्यात आन् तुमी ऐकता. आमच्यात ह्ये काम मयतीला आलेल्या बाया करत्यात. त्येला शाळा लागती व्हय?’ मी म्हटलं लागते. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही फारसं पटलं नाही.

अशाच एका गुरुवारी एक साठीपुढचे गृहस्थ आले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूमचे प्रमुख होते, नंतर स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, म्हणजे ज्यात स्वेच्छा कारखान्याची असते ती. राहायला वारज्याला. मुलगा अमेरिकेत, संगणकातला. मी त्यांना साहेब म्हणायचे. काठीसारखे ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि दात इतके देखणे की या वयात असे दात म्हणजे लहानपणी चांगलं दूध मिळालेलं दिसतंय, असं मी मनात नोंदवलं. निरीक्षण हा आमच्या शिक्षणातला पहिला धडा असतो.

‘मला भावना वगैरे नकोत,’ ते म्हणाले. ‘मला कार्यपद्धती हवी.’

मग त्यांनी फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी अल्सर म्हणून सांगितलं होतं. तो कॅन्सर होता आणि आता यकृतात पोहोचला होता. डॉक्टरांनी एक वर्ष म्हटलं होतं, कदाचित कमी. साहेबांनी त्या वर्षात करायच्या गोष्टींची अनुक्रमणिका केली होती, एक ते सतरा. पंधरापर्यंत सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा आणि तारखा होत्या. सोळावं: पत्नीला कॉम्प्युटर शिकवणे. सतरावं: पत्नीला सांगणे.

‘सतरावं आधी का नाही?’ मी विचारलं.

‘सतरावं सोळाव्यावर अवलंबून आहे. मी गेल्यावर मुलाशी बोलायला तिला ई-मेल, तो कॅमेरा, सगळं यायला हवं. ते आलं की ती एकटी पडणार नाही. एकटी पडणार नाही याची खात्री झाली की सांगायचं. पाया आधी, मग भिंत.’

‘आणि मुलाला?’

‘त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत. आत्ता सांगितलं तर तो सगळं टाकून येईल. तिने एकदा ऐकलं की दोघं मिळून त्याला सांगू.’

पत्नी कोण, तर तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. ‘तिला सहन होणार नाही,’ साहेब म्हणाले. सत्तर मुलांचा वर्ग तीस वर्षं सहन केलेल्या बाईला नेमकं काय सहन होणार नाही, हे मी विचारलं नाही. पहिली भेट होती. नेहमीप्रमाणे रूट कॅनलचं कार्ड दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, खिशात ठेवलं आणि स्कूटरवरून बायपासच्या दिशेने निघून गेले.

त्यानंतर दर गुरुवारी माझ्यासमोर बाईंच्या संगणकशिक्षणाचा अहवाल येऊ लागला. साहेबांनी मुद्दाम पासवर्ड सोपा ठेवला होता. लग्नात बाईंचं नाव बदललं होतं, आपल्याकडे बदलतात तसं. बोहल्यावर साहेबांनीच ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. पासवर्ड म्हणजे ते जुनं, माहेरचं नाव. सहा इंग्रजी अक्षरं. ते बाईंच्या लक्षात राहत नव्हतं.

‘स्वतःचं नाव, मॅडम!’ साहेब म्हणायचे. ‘पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ आहे हिला अजून. आणि काल मला विचारते, माझं नाव एचने सुरू होत होतं का हो? होत नव्हतं! एच त्यात कुठेही नाही!’

दुसऱ्या गुरुवारी: ‘माउस उलटा धरला आणि म्हणाली, याचं तोंड कुठल्या बाजूला असतं?’

तिसऱ्या गुरुवारनंतर मी अपेक्षा सोडली. मी दर वेळी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सुचवत होते, की आधी सांगा. कॉम्प्युटर नंतर. ते दर वेळी मान हलवायचे. ‘क्रम बदलता येत नाही.’ आणि माझ्या डोळ्यांसमोर ते बारीक होत होते. पट्ट्याला नवी भोकं पडत होती. तीसुद्धा त्यांनी पंच घेऊन सारख्या अंतरावर पाडली होती. मला त्यांचा राग यायचा. ही दोन माणसं एका घरात, एका टेबलाशी बसून आमटीभात खात होती आणि वेळ संपत चालला होता. सांगायच्या आधीच हा माणूस गेला तर त्या बाईला आयुष्यभर ते सलणार, हे मला दिसत होतं. असं सललेल्या किती जणी मी त्या जबड्यांसमोर बसवल्या होत्या.

मधे एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमच्यात माणूस गेल्यावर कार्यपद्धती काय असते?’ मी आमच्या बौद्ध जलदान विधीबद्दल सांगितलं. ‘आटोपशीर आहे,’ ते म्हणाले आणि लिहून घेतलं. हा त्यांच्याकडून मिळालेला सगळ्यात मोठा मान होता.

चार महिने झाले. एका शनिवारी बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. गालाला रुमाल नव्हता. त्यांची पाळी आली तेव्हा त्या सरळ माझ्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या, शेल्फवरच्या जबड्यांकडे एकदा बघितलं आणि पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

‘हे आपलंच ना?’

‘हो.’

‘रूट कॅनल. चार महिने चालू आहे. दात कुठला?’

कोण आलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. पण गुपित राखायची सवय अंगात मुरलेली. मी म्हटलं, ‘उजवीकडची खालची दाढ.’

‘आमच्या ह्यांच्या तोंडात,’ बाई म्हणाल्या, ‘तीन वर्षांपासून एकही दात नाही. वर आणि खाली, दोन्हीकडे कवळी आहे.’

मी त्या देखण्या दातांचं चार महिने मनातल्या मनात कौतुक करत होते. माझ्यामागे शेल्फवर कवळ्यांसाठी घेतलेल्या साच्यांची रांग होती. मला वाटलं, या क्षणी त्या सगळ्यांनी मिळून मला हसावं.

‘त्यांनाही कार्ड दाखवताना ते सुचलं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘कवळी आहे हे ते विसरूनच गेले असणार. माझ्यासमोर कधी काढत नाहीत. न्हाणीघरात जातात, कडी लावतात. वाटीत भिजत ठेवतात, ती वाटी कपाटामागे लपवतात. मी तीन वर्षं ती वाटी घासते आणि परत लपवून ठेवते.’

‘तुम्हाला कधी कळलं?’ मी हळूच विचारलं.

‘गणितात एक पायरी चुकलेली दिसली की मागच्या सगळ्या तपासायच्या असतात. फाइल कपाटात कुलूप लावून ठेवतात. किल्ली देवघरात. देवघरात मी रोज दोनदा जाते, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.’ बाईंचा आवाज वर्गात फळ्यावर बोलत असल्यासारखाच होता. फक्त पर्सचा बंद त्यांनी बोटाभोवती इतका आवळला होता की बोट पांढरं पडलं होतं. ‘कार्ड पाहिलं त्याच दिवशी फाइल वाचली, ती एकदाच, परत हात लावला नाही. अनुक्रमणिका नेटकी आहे. सोळा झाल्याशिवाय सतरा नाही. आणि सतराच्या पुढे पान कोरं आहे, मॅडम.’

तेव्हा मला कळलं की या बाई स्वतःचं नाव का विसरतात.

मी नुसता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. या विषयावर कार्यशाळा घेणारी मी. बाई उठल्या. ‘मला माहीत आहे हे त्यांना सांगायचं नाही. आपलं आडनाव काय म्हणालात?’ मी सांगितलं. ‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि जाताना ते कार्ड तिथेच ठेवून गेल्या. त्या ‘बरं’मध्ये मात्र काही मावलेलं नव्हतं.

आता दोन माणसांची दोन गुपितं माझ्याकडे होती आणि ती एकच होती. आमच्या शास्त्रात याबद्दल स्पष्ट नियम आहे की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. नियम मला मान्य होता. पण ती दोघं एकमेकांपासून इतकी छान लपली होती की कुणीच कुणाला शोधणार नव्हतं, आणि मग एक दिवस शोधायला एकच उरणार होतं. पाच दिवस मी स्वतःवर चिडचिड केली. गुरुवारी मी दंतवैद्यांना म्हटलं, मला एक नवीन कार्ड लिहून द्या. आधीच्यात चूक झाली आहे.

साहेब निघाले तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने चष्मा लावून वाचलं. त्यावर लिहिलं होतं: कवळी दुरुस्ती, पुढची भेट गुरुवारी.

‘हे चुकलंय,’ ते म्हणाले. मग जीभ त्यांनी एकदा आतून दातांवरून फिरवली, ती गालावरून दिसली.

‘आधीचं चुकलं होतं, साहेब. माझी चूक.’

‘कुणाच्या लक्षात आलं?’

‘ते मला सांगता येत नाही.’

‘म्हणजे तिच्या,’ ते म्हणाले आणि परत खुर्चीवर बसले. ते कार्ड त्यांनी खिशात ठेवलं, परत काढलं, परत वाचलं. मी नियम मोडला की नाही यावर माझ्या व्यवसायातल्या लोकांनी नंतर माझ्याशी पुष्कळ वाद घातले आहेत. मी त्यांना एवढंच सांगते की मी एका कारकुनी चुकीची दुरुस्ती केली.

घरी काय झालं ते पुढच्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, साहेब शेजारी बसलेले असताना. दोघं एकत्र आली होती. साहेब घरी आले, ते कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि न्हाणीघरात न जाता तिथेच दोन्ही कवळ्या काढून त्या कार्डावर ठेवल्या. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, असे ते बायकोसमोर बसले. त्यांना नुसतं ‘अगं’ एवढंच म्हणता आलं.

‘मी म्हटलं, माहीत आहे मला,’ बाई म्हणाल्या. ‘आधी ते घाला. आमटी गार होतेय.’

‘आमटी गारच होती,’ साहेब म्हणाले. ‘दोघंही जेवलो नाही.’

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. यश मिळालं असं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. मुलाला पत्र गेलं. साहेबांनी ते स्वतः टंकलं आणि बाई मागे उभ्या राहून व्याकरण तपासत होत्या. गुरुवारच्या भेटी मात्र साहेबांनी सोडल्या नाहीत. ते एकटेच यायचे. तक्रार तीच होती. ‘सतरावं झालं, सोळावं अजून अडकलंय. क्रमच बिघडवलात तुम्ही. काल हिने मला विचारलं, पासवर्डमध्ये माझं आडनाव पण घालायचं असतं का?’ आता शिकायला काय हरकत होती? सांगून तर झालं होतं. मी माझ्या नोंदवहीत लिहिलं, पत्नीचा नव्या तंत्रज्ञानाला विरोध. हे वाक्य मी अजून खोडलेलं नाही. मधूनमधून वाचते, म्हणजे डोकं जागेवर राहतं.

साहेब आणखी चार महिने होते. शेवटचे दोन गुरुवार ते येऊ शकले नाहीत, मीच वारज्याला गेले. मुलगा पंधरा दिवस आधी पोहोचला होता. साहेब घरीच गेले, सकाळी, बाईंनी पाणी पाजल्यावर. तेरा दिवस झाले, मुलाची रजा संपली, तो परत गेला. त्यानंतरच्या रविवारी बाईंचा फोन आला, सकाळी जमेल का म्हणून.

मी गेले. बाईंनी चहा केला. मग बाहेरच्या खोलीत संगणकासमोर बसल्या, चष्मा पुसला, आणि बघता बघता दोन्ही हातांनी सहा अक्षरं टाइप केली, बटणांकडे न बघता. यंत्र उघडलं. मोडेमची किरकिर झाली, खिडक्या उघडल्या, मिटल्या, आणि थोड्या वेळाने पडद्यावर मुलाचं अडखळतं चित्र आलं. ‘आई? तुला येतं?’ ‘न यायला काय झालं?’ बाई म्हणाल्या. दहा मिनिटं त्या त्याच्याशी बोलल्या. मी मागे चहाचा कप धरून उभी होते, तो निवून गेला.

बोलणं संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ‘गुरुवारी शिकले. हे तुमच्याकडे यायचे ना, तेव्हा. दोन तास घर माझंच असायचं. तिसऱ्या गुरुवारी सगळं आलं होतं. मुलालाही कधी लिहिलं नाही, तो ह्यांना बोलून जाईल म्हणून.’ त्यांनी मॉनिटरवरची धूळ पदराने पुसली. ‘सांगून झाल्यावर तरी कशाला कबूल करायचं? रोज संध्याकाळी सात वाजता खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे. चिडायचे. हात धरून माउस फिरवायचे. चाळीस वर्षांत कधी माझ्या शेजारी बसून काही शिकवलं नव्हतं त्यांनी.’

मग त्या उठून फाइल घेऊन आल्या. ‘आता खूण करते. अर्धवट ठेवलेलं त्यांना आवडत नसे.’ पेन हातात घेऊन त्यांनी अनुक्रमणिका उघडली आणि तशाच थांबल्या.

सोळाव्यापुढे बरोबरची खूण होती. साहेबांच्या हातची, ठळक. पुढे तारीख. आठ महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारची, त्यांच्या माझ्याकडच्या तिसऱ्या भेटीची. खाली त्यांच्या बारीक, सरळ अक्षरांत एक ओळ: परत आलो तेव्हा मॉनिटर गरम होता. येतं हिला. बोललो नाही.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, फाइल मिटून मांडीवर ठेवली आणि रडू लागल्या. मोठ्याने, अगदी आमच्या वसाहतीतल्या बायका रडतात तशा. मीही रडले. आठ महिने दर गुरुवारी तो माणूस माझ्यासमोर बसून बायकोच्या मठ्ठपणाची तक्रार करत होता, आणि मी त्याला वेळ वाया घालवू नका म्हणून सांगत होते.

बऱ्याच वेळाने त्या शांत झाल्या, पदराने तोंड पुसलं आणि उठू लागल्या. माझ्या तोंडून सवयीने निघालं, ‘रडून झाल्यावर पाच मिनिटं बसावं, आणि मग जावं.’

बाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

‘घरातच आहे मी,’ त्या म्हणाल्या. ‘कुठे जायचंय?’